नवी टोपी, अर्धं माप

आमच्या घरात बंदूक होती असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या आडनावाकडे. चाळीस वर्षं होऊन गेली, तरी हे बघणं काही बदललं नाही. पाटलाच्या घरात बंदूक असली तर ती भिंतीवर शोभते, आमच्या घरात असली तर तिला कारण लागतं. कारण होतं. गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याला लागून बाबांची साडेचार एकर जमीन होती आणि नाल्यापलीकडे सरकारी रान. त्या रानातले रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं आमच्या तुरीवर आपलाच सातबारा असल्यासारखे उतरायचे. परवान्यासाठी बाबांनी दोन वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता, प्रत्येक कागदासाठी अकोला गाठावं लागे. एका साहेबानं विचारलं, "तुम्हाला कशाला हवी बंदूक?" त्यातल्या 'तुम्हाला'वर कसा जोर होता, ते बाबा आम्हाला दर वेळी करून दाखवायचे. त्यांनी उत्तर दिलं होतं, "सायेब, डुकराले जात कळत नाही. थे पाटलाच्या वावरातून निघते अन् माह्या वावरात येते." साहेब हसला म्हणे. मला त्यात हसण्यासारखं अजून काही सापडलेलं नाही.

बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून चिंधीचा बोळा, मग लोखंडी गजानं ठासायचं. छर्रे आम्ही क्वचितच भरत असू. बंदूक मारायला नव्हती, आवाजाला होती. मागच्या बाजूला घोड्याखाली एक बारीक बोंडी असते, तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची. वाटाण्याएवढी वाटी, तिच्या बुडाला चिमूटभर मसाला. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपी पेटते आणि तिची ठिणगी आतल्या दारूला लागते. बाकी बंदूक म्हणजे लाकूड आणि लोखंड. जीव सगळा त्या टोपीत. टोपी सैल असली तर गळून पडते. घट्ट असली तर पहिला ठोका नुसता तिला बसवण्यात जातो, आणि माणूस समजतो उडाली नाही, आता काय होते. टोपी बरोबर बसली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. ते अंगठ्याला कळतं.

आणि बाबांचा उजवा अंगठा मुका होता. तरुणपणी ते कारंज्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, तिथल्या दाबाखाली तो सापडला. दिसायला होता, हलायचा, भाकर मोडायचा, पण त्याला गरम कळत नसे की गार. म्हणून बंदूक भरायचं काम माझ्याकडे आलं. मी थोरली, माझ्या पाठीवर दोन बहिणी. टोप्यांची नवी डबी आली की बाबा ती स्टीलच्या ताटात ओतायचे आणि मी त्या निवडायला बसायची. शेजारी माय सुपात तुरीची डाळ निवडत असायची. ताटात टोप्यांचा टिणटिण आवाज, सुपात डाळीची सळसळ, चुलीवर आंबाडीची भाजी शिजतेय, तिचा आंबूस वास सगळ्या घरात. माय म्हणायची, "खडा राह्यला तं दात पडते. तुह्यात राह्यला तं काय पडते, थे पाह्य." वाकडा काठ, हिरवा डाग, मसाला भुरभुरलेला, असल्या टोप्या मी बाजूला काढी. उरलेल्या बाबांच्या तंबाखूच्या पत्र्याच्या जुन्या डबीत जात.

बाबांचे नियम दोनच होते आणि ते पाढ्यासारखे म्हणवून घेत. पहिला : जो भरेल तोच उडवेल. आपण भरलेली बंदूक दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, कारण आत काय आहे हे फक्त भरणाऱ्याच्या हाताला माहीत असतं. दुसरा : नवी टोपी, अर्धं माप. दुकानदारानं टोप्या बदलून दिल्या, डबीवरचं चित्र जरी वेगळं दिसलं, तरी दारू निम्म्यावर आणायची, बंदूक बाभळीच्या खोडाला बांधायची आणि चापाला लांब दोरी लावून बांधामागून ओढायची. ती नीट वाजली की मग हळूहळू माप वाढवायचं. "टोपी बदलली का बंदूक नवी समजाव," ते म्हणायचे. "जुन्या वळखीवर जाऊ नये." गावातली माणसं या दोरीला हसायची. किसनची पोरगी बंदुकीला गाईसारखं दाव्याला बांधते, असं म्हणायची.

सगळ्यात जास्त हसायचे माझे काका. वसंता काका, बाबांचे धाकटे भाऊ, वाशीमला एका सरकारी कचेरीत शिपाई. दर शनिवारी एसटीनं यायचे, येताना पेढे आणायचे, आम्हा मुलींना खांद्यावर बसवून नाल्यापर्यंत न्यायचे. मला ते फार आवडायचे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात ते दिसायचं नाही. काकांच्या हाताला एक खोड होती. मोडलेली वस्तू तिच्या मापाच्या सुट्या भागानं दुरुस्त झाली तर त्यांना चैन पडत नसे. सायकलच्या ब्रेकला चपलेचा रबर. स्टोव्हच्या पंपाला जुन्या जोड्याचं चामडं. चष्म्याच्या काडीला मायच्या मंगळसूत्राची तार, आणि ती मायला न विचारता. कोणी काही म्हटलं की एकच उत्तर, "चालते ना? मंग." आणि चालायचंही बहुतेक वेळा, हीच तर अडचण होती. माणूस चुकीचं करतो आणि ते निभावतं, त्याला कोण शिकवणार?

त्या वर्षी टोप्या मिळेनात. बाबा दोनदा दुकानात जाऊन रिकाम्या हातानं परत आले. पुढच्या महिन्यात या, एवढंच उत्तर. डबीत सात-आठ उरल्या होत्या आणि तूर शेंगांनी वाकली होती. त्याच सुमाराला काकांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा कारंज्याला कारकून, घर बरं, माणसं शिकलेली. काकांनी सगळ्यांना बजावलं, "पाव्हण्यायसमोर पोरीच्या बंदुकीचं नाव काढू नका. पोरगी बंदूक मारते म्हनलं तं थे चहा बी पिनार नाहीत." बाबा गप्प बसले. ज्या माणसानं साहेबाच्या तोंडावर जात काढली, तो कारंज्याच्या एका कारकुनासमोर गप्प बसला. मी त्यांना दोष देत नाही असं इतकी वर्षं म्हणत आले. आज लिहायला बसले आहे तर खरं लिहिते. देते.

टोप्यांवरून शुक्रवारी दोघा भावांची बोलाचाली झाली होती. काका त्या आठवड्यात एक दिवस आधीच आले होते. म्हणाले, "माह्या वळखीचा एक मानूस हाय, देतो म्हनते. जराक येगळ्या हायेत, पन टोपी थे टोपीच." बाबा म्हणाले, "नको. पाव्हणे गेल्यावर पाहू. दोरी लावून पाह्यल्याबिगर माह्या डबीत काही जाणार नाही." काका हसले. मी भाकरी थापत होते, मीही हसले. संपलं असं मला वाटलं.

पाहुणे रविवारी येणार होते. त्या दिवशी उजाडता उजाडता मी रोजच्यासारखी वावरात गेले. खोपडीत, म्हणजे राखणीच्या झोपडीत, बंदूक अडकवलेली, खाली डबी. रोही बांधाशी उभे होते. मी दारू ओतली, पुरं माप, बोळा ठासला, डबी उघडली. टोप्या दिसायला जास्त वाटल्या. मला वाटलं, बाबांनी कुठून तरी सोय केली असेल. एक उचलली आणि बोंडीवर ठेवली. ती अडली. आमच्या टोप्या कशा गपकन बसायच्या. ही अर्ध्यात थांबली, मी दाबली तेव्हा किंचित करकरली आणि मग बसली. माझा अंगठा तिथेच थांबला. तेवढ्यात बांधावरून धाकटी ओरडली, "ताई, माय बलावते, पाटवड्या थापाच्या हायेत, पाव्हणे लवकर येऊन राह्यले." तिच्या ओरडण्यानंच रोही उधळले आणि नाल्यापलीकडे गेले. उडवायचं कारण उरलं नाही. टोपी काढावी, दुसरी लावून पाहावी, माप कमी करावं, एवढं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. एवढं सगळं. मग मी स्वतःशी म्हटलं, चालते. घोड्याखाली चामड्याची पट्टी सरकवली, बंदूक खुंटीला लावली, दुपारी येऊन आपणच उडवू म्हटलं आणि घरी पळाले.

पाहुणे जीपनं आले. पाच पुरुष, दोन बायका. मी साडीत, डोक्यावर पदर, चहाचा ट्रे. मुलानं विचारलं, स्वयंपाक येतो का. त्याच्या बापानं विचारलं, शिक्षण पुढं करायचं म्हणते की काय. माझ्याऐवजी काका उत्तरं देत होते. सगळे पाटवडीचा रस्सा घाम पुसत जेवले, वरून भात घेतला, ताटातच हात धुतले. मग पान खाताना काकांच्या अंगात आलं. स्वतःच बंदी घातलेला विषय स्वतःच काढला. "चला, वावर दाखवतो. आमच्या दादाजवळ बंदूक हाय, परवान्याची. आवाज आयकाल तं याद ठेवसान." बाबांनी एकदा दाराकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको. त्यांनी पाहिलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पुरुष मंडळी वावराकडे निघाली. मी बायकांसमोर बसून राहिले, कारण पाहुण्या बायका बसलेल्या असताना नवरीमुलगी वावरात पळत जात नाही. ही अक्कल मला कुणी दिली होती त्याचं नाव ठाऊक असतं तर इथे लिहिलं असतं.

आमच्या बंदुकीचा आवाज मला पाठ होता. भरीव, गोल, नाल्यावरून जाऊन परत येणारा. मी त्या बायकांसमोरच अंगणात ताटं विसळत होते आणि आवाज आला तो तसा नव्हता. आधी पत्रा फाटल्यासारखं काही तरी तडकलं आणि त्याच्या अंगावर धडाका. मायनं हातातली कढई खाली ठेवली. मी पदर खोचला आणि पळाले. मागून त्या बायकांपैकी एक म्हणत होती, "अवं, पोरगी कुठे चालली?"

बाबा खोपडीसमोर उकिडवे बसले होते, दोन्ही हात उजव्या डोळ्यावर, बोटांमधून रक्त. ओरडत नव्हते. सकाळी मी भरून ठेवलेली बंदूक त्यांच्या पायाशी पडली होती. पाहुणे बांधापर्यंत मागे सरले होते. काका नुसते उभे. बोंडीवर टोपीची राख नव्हती की टरफल नव्हतं. टोपी फुटून तिचे तुकडे मागे आले होते. मी डबी उचलली. उन्हात पाहिलं तेव्हा कळलं. आमच्या टोप्या काळपट, काठाला चुण्या. या गुळगुळीत, पिवळ्या, आत लालसर ठिपका. वीस-पंचवीस तरी असतील, आणि आमच्या सात-आठ त्यात मिसळून गेलेल्या. मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पाव्हण्यायसमोर बंदूक वाजली नसती तं नाक कापल्या गेलं असतं. भल्यासाठीच भरल्या म्या. चाललं असतं." हे शब्द मी जसेच्या तसे लिहिले आहेत. भावाचा डोळा वाहतोय आणि हा माणूस म्हणतो, चाललं असतं.

जीप पाहुण्यांची होती. ती कारंज्याला गेली. बाबांना शेजारच्या वावरवाल्यांनी ट्रॅक्टरवर वाशीमला नेलं, तिथून अकोल्याला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की डोळा राहणार नाही. पोलीस जबाब घ्यायला आले त्याच्या आधी काका मला दवाखान्यातल्या जिन्याखाली घेऊन गेले. "डबी कुठे हाय? मले दे, फेकून देतो. टोप्या म्या आनल्या हे निंगालं तं माही नवकरी जाईन. लेकरं लहान हायेत, कांते." डबी माझ्या पिशवीत होती. मी दिली नाही. म्हटलं, "बाबा सांगतीन तसं."

बाबांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. मी डबी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी उरलेल्या डोळ्याजवळ नेऊन एक टोपी पाहिली, बराच वेळ. मग काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते.  बाबांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "बसवताना अंगठ्याले कळलं नाही, बाई?"

मी म्हटलं, "कळलं."

ते म्हणाले, "बरं." आणि डबी उशीखाली सरकवली. हवालदाराला त्यांनी सांगितलं, मीच भरली, मीच उडवली, दोष कुणाचा नाही. पोरीचं नाव नको आणि भावाचंही नको. पण गावाला कोण अडवणार? महिन्याभरात सगळीकडे झालं की किसननं पोरीच्या हातात बंदूक दिली आणि पोरीनं बापाचा डोळा घेतला. पाणवठ्यावर बायका गप्प व्हायच्या. लग्नाचं नावही मग कुणी काढलं नाही. आणि काका दर शनिवारी यायचे, पेढे आणायचे, ओसरीवर बसून हे सगळं ऐकायचे. एकदाही म्हणाले नाहीत की टोप्या माझ्या होत्या. एकदाही नाही. बाबांनी बंदूक ठाण्यात कायमची जमा केली, पुढच्या वर्षी रोह्यांनी अर्धी तूर खाल्ली आणि मला त्यांनी औषधांच्या शिक्षणाला अकोल्याला पाठवलं. म्हणाले, "तुह्या हाताले निवडनं येते."

तीस वर्षं मी सरकारी दवाखान्याच्या खिडकीत औषधं दिली. तापट बाई म्हणून माझी ख्याती होती, आणि ती खोटी नव्हती. चिठ्ठीवर एक लिहिलेलं आणि पुढे दुसरंच आलेलं, वर 'तेच आहे मॅडम, नाव वेगळं' असं म्हणणारा माणूस माझ्या खिडकीतून शिव्या खाऊनच परत जायचा. बदली औषध चालतं. खूपदा चालतं, मी स्वतः शेकडो वेळा दिलेलं आहे. पण आधी डॉक्टरला विचारून, मात्रा जुळवून, पेशंटला समजावून. निमूटपणे जुन्या डबीत नवं भरून नाही.

बाबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. काका आहेत. नव्वदीला आले, मुलाकडे असतात, वाशीमलाच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. यंदा त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, थोड्या थोड्या दिवसांनी. डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालायचे; घरात कुणाचा हात स्थिर नाही म्हणून मी जाते. परवा दुपारी गेले तर पलंगाजवळच्या टेबलावर बाटली वेगळी. मी विचारलं, ही कुठली. काका म्हणाले, "पोट्ट्यानं आनली. दुकानात थे नव्हती म्हने. घाल, थेंब थे थेंबच."

मी बाटली उचलून खिडकीबाहेर टाकली. नव्वदीच्या माणसासमोर असं वागू नये. मी पायांत चपला घातल्या आणि तीन दुकानं फिरून चिठ्ठीवर लिहिलेली बाटली घेऊन आले. परत आले तर ते तसेच उताणे पडलेले, डोळे छताला लागलेले. मी नाव मोठ्यानं वाचलं, मुदत वाचली, झाकण फोडलं, एका डोळ्यात थेंब घातला. ते म्हणाले, "अजून राग हाय तुले."

"हाय."

"मंग रोज काहून येतं?"

हे मला कुणीच कधी विचारलं नव्हतं. गावाला वाटलं मी निष्काळजी होते, काकांना वाटलं टोपी बसवताना मला काही कळलंच नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी 'बरं' म्हणून ते उशीखाली ठेवलं. मी म्हटलं, "टोप्या तुमी बदलल्या काका, थे मले तवाच माहीत होतं, वावरातच. पन सकाळी टोपी बसवताना माह्या अंगठ्याले कळलं होतं. म्या थे काढली नाही. चालते म्हनलं. तुमचाच शबूद."

 काकांच्या डोळ्याच्या कडेला पाणी आलं; ते त्यांचं होतं की मी नुकत्याच घातलेल्या थेंबाचं, ते मी पाहत बसले नाही. कापसाच्या बोळ्यानं गाल पुसला आणि त्यांची हनुवटी माझ्याकडे वळवली.

"उघडा," म्हटलं. "आता दुसरा डोळा."